४१३००१ : पिन कोडवरून मोठी संख्या उलगडायला कसे शिकावे

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या पेढीत मी बरीच वर्षे हिशेब लिहिले. तेथून रवाना होणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर, बिलावर आणि पाकिटावर ४१३००१ हा पिन कोड असे, आणि तो हजारो वेळा लिहूनही ही संख्या कशाकशाने भागली जाते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निवृत्तीनंतर शेजारपाजारची मुले शनिवारी संध्याकाळी गणितासाठी घरी येऊ लागली. मूळ अवयव शिकवताना ३६, ४८ आणि १४४ ही नेहमीची उदाहरणे संपली, तेव्हा एका मुलाने आपला पिन कोड घेतला तर चालेल का, असे विचारले. मी लगेच हो म्हटले. पण त्याच संख्येवर मी केलेली एक ढोबळ चूक पुढे कितीतरी आठवडे माझ्या वहीत तशीच पडून राहिली. ती कोठे झाली आणि कशी उघडी पडली, हे पुढे येईलच.

हे टिपण आठवी-नववीपर्यंतचे गणित झालेल्या, पण एखादी मोठी संख्या समोर आली की कोठून सुरुवात करावी हे न कळणाऱ्या वाचकासाठी आहे. ‘मोठी’ हा शब्द येथे हाताने करण्याच्या दृष्टीने वापरला आहे. संगणकाच्या जगात सहा अंकी संख्या म्हणजे काहीच नाही. तेथे २०२० साली २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव शोधून काढले गेले आणि त्यासाठी असंख्य संगणकांना एकत्र राबावे लागले. सहा अंकी संख्या मात्र एका संध्याकाळी, एका वहीत, पूर्णपणे उलगडते, आणि म्हणूनच नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे.

जवळ काय असावे

- चौकटींची वही. अंक एकाखाली एक आले नाहीत, तर निम्म्या चुका तेथेच होतात.
- मूळ संख्यांची यादी, किमान २११ पर्यंतची. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर छापलेली १०० पर्यंतची यादी या कामाला पुरत नाही.
- १ ते २१५ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग. ही यादी स्वतःच तयार करावी. ती करता करताच बरेच वर्ग पाठ होतात.
- साधा कॅल्क्युलेटर, तोही फक्त पडताळणीसाठी.
- पेन. पेन्सिल आणि खोडरबर वापरू नका, कारण खोडलेली चूक पुन्हा शोधता येत नाही.

पायरी १ : संख्या निवडा आणि ती नीट वाचा

आपल्या ओळखीची संख्या घ्यावी, कारण अनोळखी संख्येवर मन टिकत नाही. आपल्या देशात पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वर्गवारी होते. ४१३ या आकड्याने केवळ सोलापूरचेच नव्हे, तर धाराशिव आणि लातूरचेही पिन कोड सुरू होतात.

पाकिटावर ती ‘चार एक तीन शून्य शून्य एक’ असते. आपल्यासाठी ती चार लाख तेरा हजार एक आहे, आणि यापुढे ती ४,१३,००१ अशीच लिहावी. स्वल्पविराम दिला की डोळ्यांना तिचे तुकडे दिसू लागतात. येथे पहिला तुकडा ४१३ म्हणजे ७ × ५९ आहे. म्हणून ४,१३,००० या संख्येला ७ ने आणि ५९ ने निःशेष भाग जातो आणि ४,१३,००१ ला भागल्यास दोन्ही वेळा बाकी १ उरते. एकही भागाकार न मांडता दोन मूळ संख्या बाद झाल्या. शहरात ४१३००१ पासून ४१३००६ पर्यंत जे पिन कोड आहेत, त्यांतल्या एकालाही ७ ने भाग जाणार नाही, हेही याच ओळीत कळले.

पायरी २ : सोप्या कसोट्या आधी उरका

शेवटचा अंक १ असल्यामुळे २ आणि ५ यांचा प्रश्नच नाही. अंकांची बेरीज ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९ येते, म्हणजे ९ ने भाग जातो :

४,१३,००१ = ९ × ४५,८८९

४५,८८९ च्या अंकांची बेरीज ३४ आहे, म्हणून ३ चा आणखी एक अवयव निघत नाही. हे तपासायला नवशिके हमखास विसरतात. एखाद्या मूळ संख्येने भाग गेला, की उरलेल्या संख्येला तिनेच पुन्हा भागून पाहावे आणि मगच पुढे जावे.

शाळेत ११ ची कसोटी शिकवतात, पण ७, ११ आणि १३ या तिघांची मिळून एक कसोटी आहे ती फारशी शिकवत नाहीत. ७ × ११ × १३ = १,००१ असल्यामुळे सहा अंकी संख्येच्या मागच्या तीन अंकांमधून पुढचे तीन अंक वजा करावेत (मोठ्यातून लहान वजा केले तरी चालते) आणि त्या वजाबाकीला या तिघांनी भागून पाहावे. आपल्याकडे ४१३ − १ = ४१२ येते; तिला ७, ११, १३ यांपैकी एकानेही भाग जात नाही. तसेच ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे तीन-तीन अंकांच्या तुकड्यांची बेरीज करून ३७ ची कसोटी लावता येते : ४१३ + १ = ४१४, आणि ३७ × ११ = ४०७, म्हणजे बाकी ७; भाग जात नाही.

पायरी ३ : कोठपर्यंत शोधायचे ते आधी ठरवा

एखादी संख्या मूळ नसेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. ४,१३,००१ चे वर्गमूळ ६४२ च्या थोडे पुढे आहे आणि ६४२ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. पण आपण ९ बाहेर काढले आहेत. आता शोध ४५,८८९ चा आहे, तिचे वर्गमूळ २१४ च्या किंचित पुढे आहे आणि २१४ पर्यंत फक्त ४७ मूळ संख्या आहेत. लहान अवयव आधी काढल्यामुळे मर्यादा अशी झपाट्याने खाली येते, म्हणून अवयव सापडेल तेव्हा दर वेळी वर्गमूळ नव्याने काढावे.

ही मर्यादा वहीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात, गोल करून लिहा. मी ती लिहिली नव्हती.

पायरी ४ : मूळ संख्यांनी क्रमाने भागत जा

आता १७ पासून पुढे एकेका मूळ संख्येने ४५,८८९ ला भागायचे आहे. प्रत्येक वेळी केवळ ‘भाग जात नाही’ असे न लिहिता भागाकार आणि बाकी दोन्ही लिहावीत, उदाहरणार्थ :

१७ × २,६९९ = ४५,८८३, बाकी ६
१९ × २,४१५ = ४५,८८५, बाकी ४
२३ × १,९९५ = ४५,८८५, बाकी ४
४३ × १,०६७ = ४५,८८१, बाकी ८
९७ × ४७३ = ४५,८८१, बाकी ८

बाकी लिहिलेली असली, की दुसऱ्या कोणालाही ती ओळ तपासता येते. आणखी एक फायदा असा की, आधी कळलेल्या गोष्टींशी ती ताडून पाहता येते. ४५,८८९ ला ५९ ने भागल्यास बाकी ४६ उरते; तिला ९ ने गुणल्यास ४१४ येतात आणि ४१४ मधून ५९ × ७ = ४१३ वजा केल्यास १ उरतो. पायरी १ मध्ये ५९ ची बाकी १ मिळाली होती, तिच्याशी हे जुळते.

कॅल्क्युलेटर वापरायचा मोह होईल. त्यावर ४५,८८९ ला १०७ ने भागले तर ४२८ च्या पुढे दशांश चिन्ह आणि अंकांची रांग दिसते. ती पाहून बाकी कळत नाही; त्यासाठी ४२८ × १०७ = ४५,७९६ हा गुणाकार करून तो वजा करावा लागतो आणि तेव्हा ९३ ही बाकी हाती येते.

माझी चूक येथे झाली. माझ्याजवळची मूळ संख्यांची यादी वहीच्या पुठ्ठ्यावरची होती आणि ती ९७ वर संपत होती. ९७ ने भागले, बाकी ८ आली, यादी संपली, आणि मी समाधानाने ‘४५,८८९ ही मूळ संख्या आहे’ असे लिहून खाली दुहेरी रेघ मारली. यादी संपणे आणि मर्यादा संपणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आयुष्यभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला कळायला हवे होते. आणखी चारच भागाकार केले असते, तर :

१०१ × ४५४ = ४५,८५४, बाकी ३५
१०३ × ४४५ = ४५,८३५, बाकी ५४
१०७ × ४२८ = ४५,७९६, बाकी ९३
१०९ × ४२१ = ४५,८८९, बाकी ०

पायरी १ आणि २ मधल्या कसोट्या वापरल्या, तर १७ पासून १०९ पर्यंत प्रत्यक्ष मांडावे लागणारे भागाकार अवघे २१ आहेत आणि यश अगदी शेवटच्या भागाकारात मिळते. आता ४२१ मूळ आहे का, हे वेगळे तपासण्याची गरज नाही. ४२१ ला १०९ हून लहान असा एखादा मूळ अवयव असता, तर तो ४५,८८९ चाही अवयव ठरला असता आणि आधीच सापडला असता. आणि ४२१ चे वर्गमूळ तर २० च्या आसपासच आहे. म्हणून :

४,१३,००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

पायरी ५ : अवयवांवरून बाकीचे गुणधर्म काढा

खरे कष्ट येथे संपतात, कारण पुढचे जवळजवळ सर्व काही या एका ओळीतून निघते.

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला आहे ते पाहावे, त्यात १ मिळवावा आणि आलेल्या संख्यांचा गुणाकार करावा. ३ दोन वेळा, १०९ एकदा आणि ४२१ एकदा आल्यामुळे ३ × २ × २ = १२ विभाजक मिळतात. ते जोडीने लिहावेत, म्हणजे एकही निसटत नाही : १ आणि ४,१३,००१, ३ आणि १,३७,६६७, ९ आणि ४५,८८९, १०९ आणि ३,७८९, ३२७ आणि १,२६३, ४२१ आणि ९८१.

विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१) म्हणजे १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६० येते. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर १,९०,४५९ उरतात. हे संख्येपेक्षा बरेच कमी आहेत, म्हणून ४,१३,००१ ही न्यून संख्या ठरते. ही उरलेली बेरीज संख्येएवढीच आली असती तर तिला परिपूर्ण संख्या म्हटले असते. दुहेरी रेघेच्या भरवशावर मी विभाजक ६ आणि बेरीज ५,९६,५७० काढली होती. म्हणजे मूळ अवयवांतली एक चूक खालच्या प्रत्येक उत्तरात उतरली, अगदी वरच्या पानावरची चुकीची बेरीज पुढच्या पानावर ओढली जावी तशी.

१ पासून ४,१३,००१ पर्यंतच्या संख्यांपैकी तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, तेही असेच निघते : ३ × २ × १०८ × ४२० = २,७२,१६०. आणि सर्व विभाजक विषम असल्यामुळे, प्रत्येक विभाजकामागे एक, अशा बारा प्रकारे ही संख्या क्रमवार संख्यांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते. त्यांतला एक प्रकार म्हणजे ती एकटी संख्या. २,०६,५०० + २,०६,५०१ हा सोपा प्रकार. ७० पासून ९११ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज हा मला आवडणारा प्रकार.

पायरी ६ : दोन वर्गांची बेरीज होते का ते पाहा

या पायरीवर थोडा वेळ काढावा, कारण संख्येचा स्वभाव येथे दिसतो. सोलापूरकरांच्या ओळखीची लहान संख्या आधी घेऊ. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापन केलेली लिंगे ६८; आणि ६८ = ८² + २². सगळ्याच संख्यांचे असे होत नाही. ७ घेऊन पाहा, जमणार नाही.

नियम असा आहे. २ सोडून कोणतीही मूळ संख्या ४ ने भागली तर बाकी १ किंवा ३ उरते. बाकी १ असेल, तर ती मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. बाकी ३ असेल, तर मुळीच लिहिता येत नाही. फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये एका पत्रात हे सांगितले, पण सिद्धता स्विस गणिती ऑयलरने सुमारे शंभर वर्षांनी दिली. संयुक्त संख्येत बाकी ३ उरवणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. आपल्या संख्येत तसा एकच अवयव आहे, तो म्हणजे ३, आणि तो दोन वेळा आला आहे. १०९ आणि ४२१ या दोन्हींची बाकी १ आहे. म्हणजे ४,१३,००१ दोन वर्गांची बेरीज आहेच.

माझी चूक येथेच पकडली गेली. माझ्या समजुतीप्रमाणे ४५,८८९ मूळ होती आणि ४ ने भागल्यास तिची बाकी १ येत होती, म्हणून मी नववीतल्या एका मुलीला तिची ‘एकमेव’ जोडी शोधायला सांगितले. तिने एक युक्ती काढली जी मला सुचली नव्हती. कोणत्याही वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६ किंवा ९ असतो. दोन वर्गांच्या बेरजेचा शेवटचा अंक ९ यायचा असेल तर ० आणि ९ किंवा ४ आणि ५ एवढ्याच जोड्या उरतात, म्हणजे दोन संख्यांपैकी एक ५ च्या पटीत असलीच पाहिजे. मग ५, १०, १५ असे २१० पर्यंतच तपासायचे, एकंदर ४२ वजाबाक्या. तिला ९५ वर उत्तर मिळाले : ४५,८८९ − ९,०२५ = ३६,८६४, आणि हा १९२ चा वर्ग आहे. मी तेथेच थांबलो असतो. तिने सगळी यादी पुरी करायचे ठरवले होते, म्हणून ती पुढे जात राहिली आणि १८५ वर तिला दुसरे उत्तर मिळाले : ४५,८८९ − ३४,२२५ = ११,६६४, म्हणजे १०८ चा वर्ग.

वही माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “काका, याच्या दोन जोड्या येतात. मग ही मूळ कशी?”

मी आधी तिच्या वजाबाक्या तपासल्या, मग वर्ग तपासले, आणि मग गुपचूप माझी दुहेरी रेघ खोडली. पेनाने लिहिले होते म्हणून ती आजही दिसते.

पायरी ७ : दोन जोड्यांवरून अवयव परत मिळवा

दोन वेगवेगळ्या जोड्या मिळाल्या, की संख्या संयुक्त आहे हे तर कळतेच, पण तिचे अवयवही हाती येतात. ही पद्धत ऑयलरची आहे आणि ती करून पाहण्यासारखी आहे. सम संख्या समेसमोर आणि विषम विषमेसमोर ठेवावी :

१९२² + ९५² = १०८² + १८५²

म्हणून १९२² − १०८² = १८५² − ९५², म्हणजेच (१९२ − १०८) × (१९२ + १०८) = (१८५ − ९५) × (१८५ + ९५), म्हणजे ८४ × ३०० = ९० × २८०. आता ८४ आणि ९० यांचा मसावि ६ आहे आणि त्याने भागल्यावर १४ आणि १५ उरतात. ३०० आणि २८० यांचा मसावि २० आहे. ६ आणि २० यांचे निम्मे ३ आणि १० घ्यावेत :

(३² + १०²) × (१४² + १५²) = १०९ × ४२१

एकही लांब भागाकार न करता तेच दोन अवयव समोर आले. उलट दिशेने जायचे असेल, तर ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण वापरावे. त्याचा ग्रंथ इ.स. ६२८ मधला, म्हणजे फर्माच्या हजार वर्षे आधीचा. १०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४² एवढे माहीत असले, की १० × १५ + ३ × १४ = १९२ आणि १० × १४ − ३ × १५ = ९५ ही एक जोडी; चिन्हे बदलली, की १५० − ४२ = १०८ आणि १४० + ४५ = १८५ ही दुसरी. सर्वांना ३ ने गुणले, की पिन कोडच्या दोन्ही जोड्या तयार होतात :

४,१३,००१ = ५७६² + २८५² = ३२४² + ५५५²

तिसरी जोडी नाही. शोधत बसू नका.

पायरी ८ : अंकांचे खेळ शेवटी खेळा

नवशिके बहुधा येथून सुरुवात करतात, कारण हे सोपे आणि गमतीचे असते. माझे मत असे, की हे गुणधर्म संख्येपेक्षा तिच्या लिखाणाचे असतात. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ते बदलतात. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हर्षद संख्या असे नाव दिले. आपली बेरीज ९ असल्यामुळे ४,१३,००१ हर्षद आहे. गंमत अशी, की फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती ११००१००११०१०१००१००१ अशी लिहिली जाते आणि तेथेही एकांची संख्या ९ च भरते. चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर विणताना पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक आहे की नाही, एवढ्यावरच धागा उचलायचा की नाही हे ठरते. तशा पट्टीवर आपला पिन कोड पाडायचा झाल्यास १९ जागा आणि ९ भोके लागतील.

कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांकही अनेकांना माहीत असतो : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहावे, की शेवटी ६१७४ येते, मात्र चारही अंक सारखे नसावेत. सहा अंकांनाही तसाच एक मुक्काम असेल असे समजणे हा येथला सापळा आहे. आपली संख्या घ्या, आणि शून्ये गाळू नका :

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या या फेऱ्यातून बाहेर पडता येत नाही. काही सहा अंकी संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर जाऊन थांबतात, आपली थांबत नाही.

पायरी ९ : बारा अंकांना घाबरू नका

पिन कोड दोनदा सलग लिहा : ४१३००१४१३००१. ही संख्या ४१,३०० कोटी १४ लाख १३ हजार १ आहे आणि पाहताक्षणी अवघड वाटते. पण ती ४,१३,००१ × १०,००,००१ आहे, आणि १०,००,००१ = १०१ × ९,९०१. यांपैकी ९,९०१ चे वर्गमूळ १०० च्या आत असल्यामुळे ती मूळ आहे हे तपासायला पुठ्ठ्यावरची यादी एकदाची पुरते. म्हणून बारा अंकी संख्येचे मूळ अवयव ३, ३, १०१, १०९, ४२१ आणि ९,९०१, विभाजक ४८, आणि दोन वर्गांच्या बेरजेचे आठ प्रकार. संख्या किती लांब आहे यापेक्षा ती कशी बनली आहे, यावर तिची अडचण ठरते.

येथे साधनांची काळजी घ्यावी. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या बसतच नाही. एक्सेलमध्ये बारा अंक नीट राहतात. पण पिन कोड तीनदा लिहून अठरा अंक केले, तर पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात आणि तसे झाल्याचे ते सांगतही नाही. पायथन या संगणकभाषेत पूर्णांक कितीही लांब असला तरी तो अचूक राहतो, मात्र भागाकारासाठी एकेरी तिरकी रेघ न वापरता दुहेरी वापरावी. हाताने उत्तर काढण्याआधी संगणकाला विचारू नये, एवढे पथ्य मी मुलांना पाळायला लावतो.

सरावासाठी दोन संख्या

पंढरपूरचा ४१३३०४ आधी घ्या. ४,१३,३०४ = २ × २ × २ × ३ × १७ × १,०१३ असे यायला हवे. विभाजकांची बेरीज १०,९५,१२० येते. त्यातून संख्या वजा केली तरी ६,८१,८१६ उरतात, हे संख्येपेक्षा जास्त आहेत, म्हणजे सोलापूर न्यून आणि पंढरपूर विपुल. वारकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. येथे ३ एकदाच आल्यामुळे दोन वर्गांची बेरीज मात्र होत नाही.

मग बार्शीचा ४१३४०१ घ्या. अंकांची बेरीज १३, म्हणून ३ नाही; ४१३ − ४०१ = १२, म्हणून ७, ११, १३ नाहीत; पण ४१३ + ४०१ = ८१४ = ३७ × २२, म्हणून ३७ ने भाग जातो आणि ११,१७३ उरतात. ही संख्या मूळ आहे की नाही ते ठरवायचे आहे. तिचे वर्गमूळ १०५ च्या पुढे आहे. पुठ्ठ्यावरची यादी येथेही ९७ वर संपते. आणखी दोन भागाकार करा, १०१ ने बाकी ६३ आणि १०३ ने बाकी ४९ आली पाहिजे, आणि मगच दुहेरी रेघ मारा.